राखणदार कुत्रा आणि द्राक्षांची पंगत

मुलांनो, गावापासून लांब, माळावरच्या एका द्राक्षबागेत एक कुत्रा राखणीला होता. येईल त्याच्यावर भुंकायचे, एवढेच त्याचे काम. ते तो इतके चोख करी की पोपट, बुलबुल, साळुंक्या, कुणीच त्याच्या वाऱ्याला उभे राहत नसे. दिवसभर सगळ्यांना हाकलावे आणि संध्याकाळी एकट्यानेच बांधावर बसून राहावे! फार एकटे वाटे बिचाऱ्याला.

हंगाम संपला. द्राक्षे बाजारात गेली आणि वेलींवर राहिलेल्या चुकार घडांवर पाखरांची पंगत बसली. आता हाकलायचे कारणच उरले नव्हते. कुत्रा शेपूट हलवत, लाजत लाजत जवळ गेला.

"मी बसू का तुमच्यात?"

"बस की," पोपट म्हणाला. "पण नुसते बघत बसायचे नाही हं. जो खात नाही, तो आमचा नाही."

कुत्र्याने द्राक्षे हुंगली. नको, असे त्याचे नाक सांगत होते. पण इतक्या दिवसांनी कुणीतरी 'बस' म्हटले होते! त्याने डोळे मिटून अख्खा घड खाल्ला. पाखरांनी कोण कौतुक केले! पोपटाला मानवणारे फळ कुत्र्याला विष ठरते, हे त्या पंगतीत कुणालाच ठाऊक नव्हते.

थोड्या वेळाने त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. पाय लटपटले आणि तो वेलीखाली कोसळला. घड संपले तशी पाखरे पुढच्या बागेकडे उडून गेली. मागे वळून एकानेही पाहिले नाही. बागेची मालकीण आली, तिला ओकारीत द्राक्षांची साले दिसली. "आरं लेकरा, द्राक्षं खाल्लीस व्हय!" म्हणत तिने त्याला उचलले आणि तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. वेळेवर सलाइन लागले, म्हणून वाचला.

बरा होऊन परतला, तरी समोरची भाकरी त्याला गिळवेना. एवढ्यात शेजारच्या बोरीवरची एक खार दबकत खाली आली, हातभर अंतरावर टेकली आणि आपला शेंगदाणा कुरतडू लागली. कुत्र्याने घाईघाईने विचारले, "मीही शेंगदाणाच खायला हवा का?"

"तो कशाला? तू तुझी भाकरी खा," खार म्हणाली. "मला एकटीला जेवण जात नाही, म्हणून आले."

त्या दिवशी कुत्रा पोटभर जेवला.

तात्पर्य : आपल्याला न सोसणारे गिळून मिळवलेली सोबत टिकत नाही, खरा सोबती आपला घास घेऊन शेजारी येऊन बसतो.