दोन बादल्या

"पण उचलून खोटं बोललं तर नक्की काय होतं, बुवा?"

अधिराजने हे तिसऱ्यांदा विचारलं. सटवाजीबुवा देवळाची पायरी झाडत होते. ते झाडत राहिले.

माळावरच्या या खंडोबाच्या देवळात बुवा एकटेच राहतात. आमच्या भागात कुणावर आळ आला की त्याने इथे यायचं, मागच्या विहिरीवर डोक्यावरून अंघोळ करायची आणि ओलेत्याने बुवांनी धरलेल्या ताटातला बेल-भंडारा उचलून काय ते बोलायचं. त्यानंतर कुणी अवाक्षर काढत नाही.

मी दर रविवारी बुवांपाशी जाऊन बसतो. ते मला काही शिकवत नाहीत, तरी मी त्यांना गुरू म्हणतो, आणि त्यांनी अजून हाकललेलं नाही. त्या दुपारी अधिराज आला तेव्हा मी ओट्यावरच होतो. त्याच्या दहावीच्या वर्गाला मी भूगोल शिकवतो. मला पाहून तो थबकला नाही. आमच्या शाळेत तो कुठल्याच मास्तरला पाहून थबकत नाही, कारण शाळा त्याच्या वडिलांची आहे.

"मी कुणाला भीत नाही," तो म्हणाला.

"बरं. मग हितं कशापायी आलास?"

...

"नवनाथला मी मारलं," तो एकदम म्हणाला. "एकच मारली."

"का?"

"बाकावरून उठायला उशीर केला त्यानं."

एकच, पण कानशिलात. नवनाथच्या कानाचा पडदा फाटला. मधली सुट्टी होती आणि मी व्हरांड्यात होतो. आवाज मला स्वच्छ ऐकू आला. मग मला खडू संपल्याचं आठवलं आणि मी आत गेलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नवनाथ हा दगडूचा मुलगा. दगडू शाळेची बस चालवतो. तो गप्प राहिला, पण त्याची बायको गप्प राहिली नाही. पालकांच्या सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या पोरानं भंडारा उचलावा, मग मी तोंड उघडणार न्हाई."

आबासाहेब, म्हणजे अधिराजचे वडील, तिथल्या तिथे म्हणाले, "उचलेल. माझा पोरगा खोटं बोलत नाही."

"आबांचा माझ्यावर विश्वास आहे," अधिराज सांगत होता. "मी म्हणालो, मी हात लावला नाही. त्यांनी परत विचारलंसुद्धा नाही. आता खरं बोललो तर सगळ्या गावासमोर ते खोटे पडतात. आणि खोटं बोललो तर..."

"तर?"

"आमच्या चुलत आजोबांनी बांधाच्या भांडणात खोटा भंडारा उचलला होता. आंधळे होऊन गेले."

"मोतीबिंदू हुता त्येंना."

"म्हणजे काही होत नाही?"

"असं मी कुठं म्हणलं?"

अधिराजने इकडेतिकडे पाहिलं आणि शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली.

"ही आमच्या स्वयंपाकघरातली हळद आहे. ताटात भंडाऱ्याच्या जागी ही ठेवा. कुणाला कळणार नाही."

बुवांनी पुडी उघडून पाहिली, वास घेतला.

"भंडारा म्हंजी हळदच असतीया, पोरा," ते म्हणाले आणि पुडी त्याला परत दिली.

तो ती खिशात ठेवत असतानाच बुवा पुढे म्हणाले, "आन् तुला उचलायचाच न्हाई. सकाळी तुझं आबा येऊन गेलं."

"कशाला?"

"सांगाय. भंडारा नवनाथ उचलणार हाय. 'मला कुणी मारलं न्हाई, मी जिन्यात पडलो' म्हणणार हाय. दगडूला बंगल्यावर बोलावून ठरवलंय त्येंनी."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या खाली टेकला तेव्हा त्याचा फार मोठा आवाज झाला, असं मला वाटलं.

अधिराज मात्र हसला. छातीवरचा धोंडा उतरावा तसा.

"मग सुटलोच की मी."

"सुटलास. भीती गेली न्हवं?"

"गेली."

"मग जा घरला."

तो तीन पायऱ्या उतरला. चौथीवर थांबला.

...

"बुवा... मी आबांना सांगितलं होतं, मी मारलं नाही म्हणून."

"व्हय."

"मग त्यांनी मला का नाही उचलू दिला?"

बुवा झाडत होते. झाडण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"म्हणजे त्यांना ठाऊक आहे," अधिराज म्हणाला. "पहिल्यापासूनच."

...

त्याचा चेहरा असा पांढरा पडला की मला उठावंसं वाटलं. मी उठलो नाही.

"आणि त्यांनाही भीती वाटते," तो म्हणाला.

"कुणासाठनं?"

"माझ्यासाठी."

"लई जीव हाय त्येंचा तुझ्यावर," बुवा म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच होतं ते.

अधिराज पायरीवर बसला.

"मग नवनाथचं काय होईल?"

"मघाशी तूच सांगितलंस की, चुलत आज्याचं."

बुवांनी केरसुणी भिंतीला टेकवली. आत जाऊन दोर आणि दोन बादल्या आणल्या आणि अधिराजच्या पुढ्यात ठेवल्या.

"चारला येतील समदी. त्या पोराला न्हायाला पाणी काढून ठेव."

"मी?"

"माझी कंबर धरलीया."

त्या मुलाने जन्मात पाणी शेंदलं नव्हतं. पहिल्या खेपेला दोर हातातून सुटता सुटता राहिला. दुसऱ्या खेपेला तळहात सोलवटले. मी मदतीला उठणार होतो, पण बुवांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी बसलो. बसण्याची मला सवय आहे.

दुसरी बादली काठावर ठेवून तो वळला.

"डोक्यावरूनच घ्यावी लागते?"

"रीत हाय."

"पण... त्याच्या कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये. डॉक्टर म्हणाले, पाणी गेलं तर कान चिघळेल, मग परत कधी ऐकू येणार नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"आबांनी मला सफरचंदं घेऊन दवाखान्यात पाठवलं होतं. तेव्हा डॉक्टर माझ्यासमोरच म्हणाले."

"बरी हुती का?"

"काय?"

"सफरचंदं."

...

"दगडूला माहीत आहे हे?" त्याने विचारलं.

"हाय."

"नवनाथच्या आईला?"

"हाय."

पुढचं नाव त्याच्या तोंडातून निघेना. बुवांना कळलं.

"मी सकाळी तुझ्या आबास्नी इचारलं."

"काय म्हणाले?"

"कापूस घालू म्हणले."

आबासाहेब वाईट माणूस नव्हे. माझ्या बायकोच्या दुखण्यात रात्री त्यांनी स्वतः गाडी दिली होती. त्याच माणसाने हे म्हटलं होतं, आणि साध्या आवाजात म्हटलं असणार.

बुवा देवळात गेले. मी गेलो नाही. विहिरीकडे पाहण्याचं धाडस होत नव्हतं म्हणून मी समोरच्या माळाकडे बघत बसलो.

पाण्याचा आवाज आला. मला वाटलं, बादली कलंडली. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा आला.

खाली वळणावर बसचा हॉर्न वाजला. शाळेचीच बस होती. चालवत दगडूच होता.

आबासाहेब आधी उतरले. मागून नवनाथ आणि त्याची आई. नवनाथच्या कानात कापसाचा मोठा बोळा होता. मग सभेतली दहा-बारा माणसं. सगळी पायऱ्या चढून वर आली आणि तिथेच उभी राहिली.

अधिराज विहिरीपाशी उभा होता. डोक्यापासून पांढऱ्या बुटांपर्यंत निथळत होता. खिशातली पुडी भिजून फुटली होती आणि हळद शर्टावरून कमरेपर्यंत ओघळली होती.

"अधिराज? तू इथं कसा? आणि भिजलास कसा?"

आबासाहेब धावतच गेले. खांद्यावरचं उपरणं काढून पोराचं डोकं पुसू लागले. अगदी लहान मुलाचं पुसतात तसं, कानामागून, मानेवरून.

अधिराजने त्यांचा हात धरला.

"नको, आबा. पुसू नका."

"थंडी वाजेल रे."

"वाजतेय."

वडिलांचा हात त्याने सोडला नव्हता.

"आबा, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

आबासाहेबांच्या हातातलं उपरणं हळदीने पिवळं झालं होतं.

...

"घरी चल," ते शेवटी म्हणाले, अगदी हळू. "तुझं इथं काही काम नाही."

"नवनाथ, जा बाळा," मागून कुणीतरी म्हणालं. "अंघोळ करून घे, उशीर नको."

नवनाथने आईकडे पाहिलं. आईने दगडूकडे. दगडू जमिनीकडे बघत होता. मग नवनाथ निघाला. विहिरीच्या काठावर दोन्ही बादल्या रिकाम्या पडल्या होत्या. त्याने कानावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने दोर उचलला.

तेवढ्यात देवळाच्या दारात बुवा आले. हातात ताट, ताटात बेलाचं पान आणि मूठभर भंडारा. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. कुणाकडे पाहिलंही नाही.

"ज्यो ओलेता असंल," ते म्हणाले, "त्यानं फुडं यावं."