कुसुंबी माळीण आणि न थांबणारा राजा

एका राज्यात राजवाड्यात जितकी माणसे, तितकीच राजबागेत पांढऱ्या लिलीची, म्हणजे नागदवण्याची, झाडे होती. ज्याचे त्याचे झाड ठरलेले. एकदा राजा रुद्रकेतूने जुन्या तळ्याच्या तळातून एका चेटकिणीने पुरलेला धनाचा हंडा उकरून काढला. हंड्यातून आवाज आला, "ज्याचे झाड खचेल, त्याला विसावा मिळणार नाही." राजा हसला. हंडा त्याने खजिन्यात ठेवला आणि तळ्याचा काळा गाळ बागेत पसरायला सांगितला.

पंधरवड्यात झाडे खचू लागली. ज्याचे झाड खचले, तो उठला आणि चालू लागला. जेवता जेवता चालायचा, रडता रडता चालायचा. प्रधान चालू लागला, आचारी चालू लागले. एके सकाळी राजा सिंहासनावरून उठला, तो पुन्हा बसला नाही.

बागेची राखण कुसुंबी माळिणीकडे होती. तिची धाकटी बहीण वेणू वाड्यात दासी होती. तीही चालू लागली होती; टाचा फुटून फरशीवर रक्ताचे ठसे उमटत होते. राजमांत्रिक मायाधर सकाळ-संध्याकाळ झाडांवर मंतरलेले पाणी शिंपडत होता, आणि झाडे अधिकच खचत होती. कुसुंबीला चैन पडेना. या वाफ्यातून त्या वाफ्यात ती नुसती येरझारा घालत होती.

कुंपणावर तांबड्या पंखांचा भारद्वाज बसला होता. तो म्हणाला, "माळिणी, शाप एक आहे, रोग तीन आहेत. पान उलटून पाहा. पान उजेडात धरून पाहा. मूळ उकरून पाहा."

कुसुंबीने पान उलटले. खाली काळ्या अंगावर पांढरे-नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या पान पोखरत होत्या.

"पक्षिराजा, या तू का खात नाहीस?"

"कडू आहेत. त्या तुलाच हाताने वेचाव्या लागतील."

तिने एकेक अळी वेचून रिठ्याच्या पाण्यात टाकली, अंडी असलेली पाने खुडली, उरलेल्यांवर लिंबोळीचा अर्क मारला. चार दिवसांनी आचारी चुलीपाशी थांबले. वेणू थांबली नाही.

मग तिने पान उजेडात धरले. त्यावर तांबूस डाग होते, डागांवर राखेसारखी बुरशी. ती मायाधराच्या वाटेत उभी राहिली.

"मांत्रिकबुवा, पाणी थांबवा."

"हे मंतरलेले पाणी आहे."

"मंतरलेले असले तरी पाणीच आहे. पाने वाळत नाहीत, म्हणून बुरशी धरते."

"आणि झाडे मेली तर?"

"तर माझे डोके घ्या."

राजा तिथून चालला होता. न थांबता म्हणाला, "तिचे ऐका," आणि पुढे गेला.

कुसुंबीने डागी पाने कापून बागेबाहेर जाळली. दर झाडाला विळा उकळत्या पाण्यात बुडवला. पाणी सकाळीच द्यायचे, तेही मुळाशी, असा नेम केला. आठ दिवसांत कोवळी पाने स्वच्छ निघाली आणि प्रधान पायरीवर टेकला. चालत राहिली ती दोघेच, राजा आणि वेणू.

तिने त्यांच्या झाडांची मुळे उकरली. तळ्याच्या चिकट गाळात पाणी तुंबले होते. कंद मऊ पडले होते, दुर्गंधी सुटली होती.

"उपटून, सडके कापून, तीन दिवस सावलीत सुकवावे लागतील," ती भारद्वाजाला म्हणाली. "तोवर या माणसांचे काय होईल?"

"पळतील."

तिला वेणूच्या टाचा आठवल्या. हात पुढे होईना. तेवढ्यात राजाची फेरी आली.

"महाराज, किती कंद उरला आहे, हे कापल्याशिवाय कळणार नाही."

"मग आधी माझा काप. गाळ मी टाकायला लावला."

कंद जमिनीबाहेर आला आणि राजा धावत सुटला. लगेच वेणूचाही कंद निघाला. शिपाई आळीपाळीने दोघांच्या दंडाला धरून तटाभोवती धावले, धावता धावता त्यांच्या तोंडात पाणी घालत राहिले. कुसुंबी सडके कापत गेली. लिंबाएवढा पांढरा गाभा उरला, तिथे तिचा विळा थांबला. कापलेल्या जागी तिने राख चोळली आणि कंद सावलीत सुकत ठेवले. तीन दिवस तिला घास गेला नाही. गाळ उपसून तिने वाळू आणि जुने शेणखत घातले, वाफा उंच केला आणि कंद लावले.

दोघे धावतच होते.

"रोग गेले," भारद्वाज म्हणाला. "शाप हंड्यात आहे."

कुसुंबीने ते राजाला ओरडून सांगितले. राजाने धावतच खजिना गाठला, हंडा खांद्यावर घेतला आणि तळ्यात लोटून दिला. पाणी एकदा उकळले, मग शांत झाले. बागेत दोन्ही कंदांना हिरवी टोके फुटली. राजाचे गुडघे वाकले, आणि तो काठच्या चिखलात बसून लहान मुलासारखा रडला. वेणू बागेच्या वाटेवरच आडवी झाली.

ती दोन दिवस झोपली. जागी झाली तेव्हा म्हणाली, "ताई, भूक लागली." कुसुंबीने गरम भात वाढला, वर तुपाची धार धरली, आणि वेणूच्या पायांना मलम लावत तिचे जेवण होईपर्यंत बसून राहिली.

त्या राज्यातली माणसे निवांत झाली, तशी ही कथा ऐकणारी माणसेही निवांत होवोत.