नववा नळ

“आठ झाले, मग नववा नळ कुठाय?” राजा दृढसेन असा कडाडला की भालदाराच्या हातातला भालाच निसटला.

म्हातारे गेनबा फिटर मान खाली घालून उभे राहिले. नववा नळ कुठून न्यायचा हे त्यांनाच काय, अख्ख्या यंत्रपुरात कुणाला ठाऊक नव्हतं!

हे यंत्रपूर म्हणजे पडद्यातलं राज्य, बरं का! डोळ्यांवर चष्मा चढवला की माणूस तिथे हजर, काढला की आपल्या घरी. तिथे नळांचे तयार तुकडे मिळत. कुणी सरळ, कुणी एल्बोसारखा वाकडा, कुणी तीन तोंडांचा. एकाला एक टेकवला की खट्‌कन बसायचा. आटे पाडायला नकोत, गळतीची भीती नको. राजाला या नळांचं भारी वेड होतं.

वेड एकवेळ परवडलं, पण हट्ट? त्याने एका गोलात सहा ठिकाणं उभारली होती. पाण्याची टाकी, शेजारी साखर कारखाना. वाफेची टाकी, शेजारी कागद कारखाना. तेलाची टाकी, शेजारी साबण कारखाना. प्रत्येक कारखान्याला पाणी, वाफ आणि तेल, तिन्ही हवं. म्हणजे नळ नऊ. आणि वर हुकूम काय, तर नळावरून नळ जायचा नाही, नळाखालूनही जायचा नाही!

“गचाळ दिसतं!” राजा म्हणायचा. झालं, विषय संपला!

शेजाऱ्याला शेजारी जोडला की सहा नळ व्हायचे. उरायचे समोरासमोरचे तीन. त्यांतला एक गोलाच्या मधून काढायचा, एक बाहेरून वळसा घालून न्यायचा. आणि तिसरा? तो ज्या बाजूने न्यावा त्या बाजूला कुठला तरी नळ आडवा! याच नवव्या नळापायी राजाने आतापर्यंत बारा फिटर हाकलले होते.

“गेनबा, सूर्य मावळायच्या आत नववा नळ लागला नाही, तर यंत्रपुराची वेस तुम्हाला कायमची बंद!”

गोलाच्या कडेला भंगार वेचणारी गिरजा टोपली खाली ठेवून उभी राहिली. गेनबा तिचे आबा. खऱ्या जगातल्या कारखान्यात अंगावर लोखंडी नळ कोसळला आणि आबांचे दोन्ही पाय गेले होते. घरी खाटेवरून उतरवायला दोन माणसं लागत. पण इथे, यंत्रपुरात, आबा चालत, शिड्या चढत, लहर आली तर उड्या मारत! वेस बंद झाली, तर उरणार नुसती खाट. हे आठवून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने डोळे पुसले आणि टोपली खांद्याला लावून पुढे झाली.

“महाराज, आबा दमलेत. मी लावू का?”

“तू? भंगारवाली?”

“भंगार तरी नळांचंच आहे ना, महाराज!”

दरबारी खो खो हसले. राजाने मिशीवर ताव दिला. “लाव! बघू तरी!”

गिरजाने पहिलं काम काय केलं? तेलाच्या टाकीपासून साखर कारखान्यापर्यंत बाहेरून वळसा घालून गेलेला आठवा नळ तिने उचकटूनच टाकला!

“अगं पोरी!” आबांनी कपाळावर हात मारला. “होते तेही घालवलेस!”

“आबा, जरा दम धरा की!”

वाफेची टाकी होती गोलाच्या पूर्वेला. तिथून गिरजाने नळ काढला आणि कारखान्यांकडे पाठ करून सरळ पूर्वेला नेऊ लागली. खट्‌, खट्‌, खट्‌! नळ माळावर गेला, माळापलीकडे गेला, दिसेनासा झाला. नळ निघाला कुठे, कुणालाच कळेना. इतक्यात पश्चिमेकडून खट्‌ खट्‌ ऐकू आलं. बघतात तर नळ जोडत गिरजा पश्चिमेकडून येतेय! शेवटचा तुकडा तिने साबण कारखान्याला टेकवला. मग दक्षिणेच्या तेलाच्या टाकीतून नळ दक्षिणेलाच नेला, तो उत्तरेकडून येऊन साखर कारखान्याला मिळाला.

नऊ नळ झाले! एकही कुणाला ओलांडत नव्हता!

“लबाडी!” राजाने पाय आपटला. “नळ माझ्या राज्याबाहेरून आणलेस!”

“बाहेर कुठे, महाराज?” गिरजा हात जोडून म्हणाली. “आपला भालदार रोज सकाळी काय ओरडतो? आपल्या राज्याला शेवटच नाही! पूर्वेला निघालेला घोडा पश्चिमेकडून उगवतो, उत्तरेला निघालेला दक्षिणेकडून! मग एक तर नळ राज्यातच आहे, नाही तर रोजची ललकारी खोटी. महाराज म्हणतील तसं!”

राजाने भालदाराकडे पाहिलं. भालदार भाला न्याहाळू लागला.

“पण... पण हे तुला सुचलं कसं?”

गिरजाने टोपलीतून पोचे आलेला एक एल्बो काढला. “याच्यामुळे, महाराज. रोज सकाळी कुणीतरी याला रागाने पूर्वेच्या माळापलीकडे लाथाडतं आणि रोज दुपारी हा मला पश्चिमेच्या माळावर सापडतो. मी बिचारी इमानाने आणून जागेवर ठेवते. महिना झाला!”

राजाने एल्बो हातात घेतला. पोचे ओळखीचे वाटले. मग हळूच स्वतःच्या जोड्याचं टोक बघितलं, आणि असा खदखदून हसला की मुकुट नाकावर घसरला!

“माझ्याच लाथेने मला हरवलंस की गं! आजपासून राज्याची मुख्य फिटर तू. आणखी काय हवं ते माग!”

“आबांची वेस कधी बंद होऊ नये, महाराज. दुसरं काही नको.”

“दिलं! गेनबा, राज्य तुमचंच आहे, हवं तेव्हा या, हवं तितकं हिंडा!”

पण ऐकायला आबा होते कुठे? ते केव्हाच धोतराचा काचा मारून पूर्वेला पळत सुटले होते. गिरजाने हसत पश्चिमेकडे तोंड फिरवलं आणि त्यांची वाट बघत उभी राहिली. थोड्या वेळाने आबा आलेच तिकडून, धापा टाकत, धावत!