उत्पलेचे ऊन

पूर्वी कृतयुगात, जेव्हा देव मर्त्यांच्या सभांना पाहुणे म्हणून येत आणि ऋषींनी घातलेला नियम प्रत्यक्ष इंद्रालाही मोडता येत नसे, तेव्हा मणिसर नावाच्या अथांग सरोवराच्या काठी शमवर्धन राजा राज्य करीत होता. सरोवराच्या तळाशी नाग नांदत आणि वरच्या हिमशिखरांवर यक्ष. त्या पाण्यावर हक्क कोणाचा, यावरून त्या दोघांत साठ वर्षे युद्ध पेटलेले होते. यक्षांनी लोटलेल्या शिळा काय किंवा नागांचे विषारी फूत्कार काय, पडायचे ते मधल्या बिचाऱ्या माणसांवरच. शेवटी शमवर्धनाने शस्त्र खाली ठेवले. तो अनवाणी शिखरे चढला, श्वास कोंडून तळ गाठला, आणि सात वर्षे विनवण्या करकरून त्याने त्या जन्मवैऱ्यांना एका पंक्तीला बसवले.

तरीही नागराजाचा विश्वास बसेना. "उद्या यक्षांनी शब्द मोडला, तर आम्ही कोणाला धरायचे?" असे त्याने विचारले, तेव्हा राजा म्हणाला, "मला." आणि आपली एकुलती एक कन्या उत्पला त्याने बारा वर्षांसाठी नागलोकी ठेव म्हणून पाठवली. मुदतीआधी ती परतली तर तह मोडला असे समजावे, असे ठरले. राणी वसुधारेला मात्र कोणी काही विचारले नाही.

तीन वर्षे लोटली. जिथे सूर्य पोहोचत नाही तिथे आपली लेक आहे, म्हणून वसुधारेने सूर्यव्रत धरले होते. रोज सकाळी तांब्याच्या कलशाने दोन अर्घ्ये द्यायची, एक आपले आणि एक उत्पलेचे, आणि मगच तोंडात पाणी घ्यायचे. आभाळ भरलेले असले तर ती दिवसभर उपाशी राही.

इकडे सत्यसभेने, म्हणजे तिन्ही लोकांसाठी नियम घालून देणाऱ्या एकवीस स्मृतिकार ऋषींनी, एकमताने ठराव केला, की ज्याने दोन लोकांमधले वैर शमवले त्या शमवर्धनाला अम्लान कमळांची माळ घालावी आणि एक वर द्यावा. असा सन्मान त्याआधी कोणा मर्त्याला मिळाला नव्हता. नगरी तोरणांनी सजली आणि यक्ष, गंधर्व विमानांतून उतरू लागले.

त्या सकाळी वसुधारा दुसरे अर्घ्य द्यायला वाकली, तोच पायऱ्यांवर शंखिनी नावाची वृद्ध नागस्त्री पाण्यातून वर आली. तीच उत्पलेची तिकडची दाई. तिच्या हातात उत्पलेच्या हिरव्या बांगड्या होत्या.

"माते, काल गेली," ती एवढेच म्हणाली आणि रडू लागली. मग हुंदक्यांतून बोलली, "आम्ही तिला फुलासारखी जपली गं. पण अंधारात ती पिवळी पडत गेली. वर चल म्हटले तर म्हणायची, मी गेले तर तह मोडेल. आईला सांग, मला कोणी दुखवले नाही. फक्त उन्हाची फार आठवण येते."

वसुधारेच्या हातातला कलश तसाच कलंडला. शंखिनीने तिचे पाय धरले.

"आज सभेत बोलू नकोस! तुमचा सेनापती निमित्तच शोधतो आहे. माझी नातवंडे तळाशी झोपली आहेत, माते."

राणीने तिला उठवले. बांगड्या पदरात बांधल्या आणि मृताचे स्नान म्हणून डोक्यावरून पाणी घेतले. ज्या घरात सुतक त्या घराने पूजा स्वीकारू नये, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. पण बोलावे तर युद्ध, न बोलावे तर असत्य. याच ओझ्याने वाकून ती सभेत जाऊन पतीच्या डावीकडे बसली.

राजाने हळूच विचारले, "देवी, केस ओलेच? आज तरी दासींनी..."

"उशीर झाला, महाराज."

"बरे, ऐक," तो लहान मुलासारखा हसला. "वर काय मागणार ठाऊक आहे? सभेने मुदत माफ केली की नागांनाही नाही म्हणता येत नाही. सूर्यास्ताच्या आत पोर घरी! तिचे तिळाचे लाडू करून ठेव हो."

वसुधारेला वाटले, धरणी दुभंगावी.

वेदघोष झाला. सभाप्रमुख महर्षी ऋतंभर माळ घेऊन उठले. माळ घालण्यापूर्वी तीन वेळा विचारायचे अशी त्या सभेची प्राचीन रीत होती: "याच्या कीर्तीपायी कोणाचे डोळे ओले आहेत काय?" पण मुहूर्त टळू नये म्हणून कित्येक शतके असे चालत आले होते, की प्रश्न संपतो न संपतो तोच सभेचा पाठक सोमश्रवा स्वतःच "नाही" म्हणून मोकळा होई.

ऋतंभरांनी विचारले. "नाही," सोमश्रवा म्हणाला.

पुन्हा विचारले. "नाही."

तिसऱ्यांदा विचारले, आणि सोमश्रव्याचे ओठ उघडण्याआधी आवाज आला, "आहेत. माझे."

वसुधारा उभी होती. तिने पदराची गाठ सोडून बांगड्या सभेपुढे ठेवल्या. "उत्पला काल गेली."

राजा आसनावरून उतरून नुसत्या भूमीवर बसला. सेनापती उग्रबाहूने मात्र खड्ग उपसले. "सूर्य मावळायच्या आत नागलोक कोरडा करतो! राजकन्येच्या एकेका श्वासाचा सूड घेतो!" यक्षांनीही धनुष्ये सावरली.

"सेनापती," राणी म्हणाली, "तीन वर्षांत माझ्या लेकीची आठवण तुम्हाला आज झाली. ते खड्ग म्यान करा. तिला कोणी मारले नाही. तिला अंधाराने नेले, आणि तिने तो सोसला तो तुमची मुले रणात जाऊ नयेत म्हणून. तिने प्राण देऊन राखलेला तह तुम्ही तिच्याच नावाने मोडणार काय?"

उग्रबाहूची मान खाली गेली. खड्ग म्यानात गेले.

राजा क्षीण स्वरात म्हणाला, "मुनिवर, ही माळ माझी नव्हे. मी वचन दिले, ते पाळले तिने."

ऋतंभरांनी माळ मागे घेतली. "दोष आमचाही आहे. आम्ही प्रश्न विचारायचो आणि उत्तर आमचे आम्हीच द्यायचो. ही माळ उत्पलेची, आणि वर तिच्या मातेचा. वत्से, गेलेला जीव यमाकडून परत आणता येणार नाही. दुसरे काहीही माग."

वसुधारेने ओंजळीत पाणी घेतले. सभा चरकली. आता ही शाप देणार, असेच सर्वांना वाटले आणि राणीच्या मागोमाग येऊन खांबाआडून बघणाऱ्या शंखिनीने डोळे मिटले.

राणी आकाशाकडे पाहून म्हणाली, "हे सहस्ररश्मे, तीन वर्षे तुला दोन अर्घ्ये दिली. नागलोकात अजून किती लेकरे आहेत! रोज घटकाभर तिथे ऊन पडू दे. दुसऱ्या कोणाच्या पोरीला असे पिवळे पडून जावे लागू नये."

सूर्यनारायण सभेत प्रकटले. त्यांचे तेज त्या दिवशी मंद दिसत होते. "साध्वी, माझे किरण मोजून वाटलेले आहेत. तिकडे द्यायचे तर कोणाच्या तरी वाट्याचे कमी करावे लागतील."

"आमच्या वाट्याचे घे," राणी म्हणाली आणि तिने पाणी सोडले.

तथास्तु म्हणून देव अंतर्धान पावले. ती माळ मणिसरात सोडली, ती कोमेजली नाही, हळूहळू तळाशी गेली. राजाने पुन्हा कधी सन्मान घेतला नाही, आणि सोमश्रव्याने पुन्हा कधी घाई केली नाही.

तेव्हापासून त्या काठी भर दुपारी घटकाभर ऊन लोपते आणि दारे, अंगणे सावळी होतात. बायका हातातले काम थांबवतात. सूर्यव्रताच्या दिवशी हळदीकुंकू लावण्याआधी तिथली सवाशीण दाराशी उभी राहून तीनदा विचारते, "कोणाचे डोळे ओले आहेत का?" आणि उत्तराची वाट पाहते. सावली सरेपर्यंत ती कुंकवाला बोट लावत नाही. नव्या सुना विचारतात, आभाळात ढग नाही, मग ऊन गेले कुठे? तेव्हा म्हाताऱ्या सासवा पाण्याकडे बघून सांगतात, "थांब जरा. उत्पला उन्हात बसली आहे."