महाराजांचा खांडा आणि सलामीची परीक्षा

“तोफ उडू न देता सांग, यातलं कोणतं फंक्शन नवी वस्तू घडवतं! नाहीतर तुझा बाप उद्यापासून तोफेसकट गडाच्या माथ्यावर!” भुजंगमहाराज तोफचीच्या लेकीवर, येसूवर गरजले.

महाराजांना जावास्क्रिप्टचं, म्हणजे संगणकाच्या एका भाषेचं, भारी वेड. हौसेनं ‘सलामी’ आणि ‘बत्ती’ अशी दोन फंक्शनं, म्हणजे हाक मारताच काम करणारे हुकूम, लिहवून घेतली. दोन्हींची तार अंगणातल्या खऱ्याखुऱ्या तोफेला जोडलेली! ‘न्यू’ म्हटल्यावर नवी वस्तू घडवणारं त्यातलं एकच, पण ते कोणतं हे सगळेच विसरले. ‘न्यू’ म्हणून पाहावं, तर घडवणारं चालू होणार आणि तोफ धडाडणार. सकाळीच एकाला ‘न्यू’ न म्हणता नुसती हाक मारून पाहिली, तर कळलं काहीच नाही, पण तोफ उडून राणीसाहेबांची लोणच्याची बरणी फुटली. “आता पुरे!” असं तोफची रायाजी बोलून गेला आणि महाराज हट्टाला पेटले.

येसूनं बापाकडे पाहिलं. बापाचे गुडघे वाड्याच्या पायऱ्याही धड चढत नव्हते, गड कुठला चढणार!

“दोन्ही फंक्शनांना त्यांचा प्रकार विचारा की,” दिवाणजी म्हणाले. विचारला. दोन्हींचं उत्तर एकच, ‘फंक्शन’! दिवाणजी पगडी सावरत मागे सरले.

येसू पुढे झाली. “महाराज, आपलं लग्न कसं झालं?”

महाराज खाकरले. “आम्ही शिकारीला गेलो होतो. आमचा खांडा, म्हणजे तलवार पाठवली. राणीसाहेबांनी तिलाच माळ घातली.”

“आणि एखाद्या बैराग्यानं खांडा पाठवला असता तर?”

“भटजींनी मांडवाबाहेर काढला असता! ज्याला लग्नच करता येत नाही, त्याचा खांडा कसला?”

“झालं तर मग! जावास्क्रिप्टात खांड्याला प्रॉक्सी म्हणतात.”

येसूनं दोन्ही फंक्शनांपुढे एकेक प्रॉक्सी उभी केली आणि बजावलं, “‘न्यू’ म्हणत कुणी आलं, तर आत वर्दी द्यायची नाही. रिकामी वस्तू हातावर ठेवून वाटेला लावायचं!”

बत्तीच्या प्रॉक्सीला ‘न्यू’ म्हटलं. पडद्यावर लालभडक चूक झळकली, ‘याला घडवता येत नाही!’ सलामीच्या प्रॉक्सीनं मुकाट्यानं रिकामी वस्तू दिली. तोफ गप्प!

“सलामी घडवते, बत्ती नाही!” येसू म्हणाली.

“थांब!” महाराजांनी मिशीला पीळ दिला. “सलामी तर जागची हललीसुद्धा नाही. मग तिला घडवता येतं, हे कशावरून?”

“महाराज, लग्नात आपण तरी कुठे हलला होतात? पण भटजींनी खांडा बोहल्यावर घेतलाच ना!”

चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेब खळखळून हसल्या. मग महाराजही मांडीवर थाप मारून असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या हातात घातलं आणि रायाजीला वाड्याच्या दाराशीच बसल्या जागची चाकरी दिली.