सर्वाक्षाचे झरोके

एका राज्यात घरोघरी एक झरोका होता आणि त्या झरोक्यातून सारे जग दिसे. हातभर उंचीची काच, भोवती चांदीची चौकट. समोर बसून म्हणावे, "झरोक्या, दाखव," की समुद्रापलीकडचा बाजार दिसे, चुकलेली वाट सापडे, दुखण्यावरची वनस्पतीही कळे. हे झरोके सर्वाक्ष नावाच्या जादूगाराने वाटले होते, तेही फुकट. फुकट म्हटले की माणसाची अक्कल गवत खायला जाते, हे का मी सांगायला हवे? त्यातून त्या राज्याची रीत अशी, की देणाऱ्यासमोर देणगी तपासायची नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, हे तिथे पोरांना पाळण्यातच शिकवीत. म्हणून सर्वाक्षाचे सेवक करारपत्राची गुंडाळी घेऊन दारी आले, तेव्हा लोकांनी ती उलगडूही दिली नाही. मान लववली, हळदीचा अंगठा उमटवला आणि वर सेवकांना गूळपाणी दिले. राजा भद्रबाहूनेही तेच केले. त्याने तर गुळाऐवजी श्रीखंड वाढले.

या राजाच्या पदरी कुमुदिनी नावाची राजवैद्या होती. एके दिवशी राजाने तिला एकटीला बोलावले आणि शेल्याखालून उजवा हात बाहेर काढला. हात थरथरत होता.

"शेजारचा राजा टपून बसला आहे," राजा म्हणाला. "हे कोणाला कळता कामा नये."

"महाराज, रोग्याचे माझ्या कानी पडते ते माझ्या जिभेवर येत नाही."

ती तडक घरी आली आणि झरोक्यासमोर बसली. राजाचे नाव तिने घेतले नाही. एवढेच विचारले, "पन्नाशीच्या पुरुषाचा उजवा हात कापतो. औषध दाखव." झरोक्याने चार मुळ्या दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या दाराशी सतरा तेलवाले, तीन मांत्रिक आणि एक पेलेवाला हजर! पेलेवाला ओरडत होता, "थरथरत्या हातातूनही न सांडणारा पेला, महाराज! आज घ्याल तर जोडीचा फुकट!"

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. "हे आपल्या दोघांनाच ठाऊक होते," तो कुमुदिनीला म्हणाला. "मी बोललो नाही."

"मीही नाही, महाराज."

"नऊ दिवस देतो. तू बोलली नाहीस हे सिद्ध कर. नाहीतर कायदा तुला ठाऊक आहे."

कायदा असा, की रोग्याचे गुपित फोडणाऱ्या वैद्याची औषधांची पिशवी चव्हाट्यावर जाळायची आणि त्याला सीमेपार घालवायचे. पण सीमेपेक्षा कुमुदिनीला लागले ते निराळेच. घरी जाताना ज्या बायका तिला वाटेत थांबवून दुखणी सांगत, त्यांनी तिला पाहून तोंडे फिरवली. ती उंबऱ्यावर बसली आणि ढसाढसा रडली.

कुंपणावर एक भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "झरोक्यातून तू बाहेर पाहतेस. आत कोण पाहतो, हे विचारलेस कधी?"

"कोण पाहतो?"

"ते करारपत्रात लिहिले आहे. पत्र सर्वाक्षाच्या मनोऱ्यात आहे. तिथे झरोक्याला वाट न विचारता जावे. मनोऱ्यात काही न खाता शिरावे. आणि पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. तिन्ही जमले तर सुटशील."

कुमुदिनी निघाली. झरोक्याला वाट न विचारणे वाटले तितके सोपे नव्हते, कारण वाट सांगण्याची सवयच राज्यातून गेली होती. एकाने तिला नदीत धाडले, दुसऱ्याने स्वतःच्या सासुरवाडीला. शेवटी एका मेंढपाळणीने काठीने धुळीत वाट काढून दिली. मनोरा दिसला तेव्हा चार दिवस सरले होते.

मनोऱ्याच्या दाराशी द्वारपाल बत्ताशांचे ताट घेऊन उभा होता. "एक घ्या, आत या. सगळेच घेतात."

"खाल्ल्यावर काय होते?"

द्वारपाल गडबडला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. "काही नाही. तो पोटात राहतो आणि तुम्ही कुठे कुठे जाता ते आम्हाला सांगतो."

"मग नको."

दार रुसले. वीतभरच उघडले. कुमुदिनी पोटावर सरपटत आत गेली.

पत्र सत्तर हात लांब होते, अक्षर मुंगीएवढे. दर सातव्या ओळीला पत्रच विचारी, "मान्य?" आणि अंगठा आपोआप वर उचलला जाई. कुमुदिनीने तो पदराला बांधून टाकला आणि दोन दिवस वाचले. डोळ्यांना धार लागली. मधोमध लिहिले होते: झरोक्यासमोर बसणारा जे विचारील आणि जिथून येऊन विचारील, ते सारे सर्वाक्षाचे, सर्वाक्ष ते हवे त्याला विकेल. म्हणजे आपण राजवाड्यातून तडक घरी आलो, तेही याने पाहिले! आणि अगदी तळाशी दोन ओळी होत्या. ज्याचा अंगठा, त्याने मागितल्यास पत्र त्याच्या दारी आणून दाखवावे. ज्याला होकार परत हवा, त्याने चारचौघांत तोच अंगठा त्याच ठशावर ठेवून 'नाही' म्हणावे. एवढे लिहिल्याशिवाय सर्वाक्षाची जादू उभीच राहत नव्हती. देणाऱ्याला नाही म्हणायची या लोकांना लाज वाटते, हे ओळखून तो निर्धास्त होता.

पत्रावर कुमुदिनीचाही अंगठा होता; तिने ते राजाच्या दरबारात मागितले. नवव्या दिवशी पत्र घेऊन सर्वाक्ष स्वतः दरबारात आला. त्याच्या झग्यावर झरोक्यागणिक एक डोळा होता आणि सगळे उघडझाप करीत होते. दरबारात शेजारच्या राजाचा वकीलही बसला होता.

कुमुदिनीने सगळे वाचून दाखवले. दरबारी आपापले अंगठे पाहू लागले. सर्वाक्ष मात्र हसला. "हात पुढे करा, महाराज. सर्वांना दिसू द्या."

राजाने हात शेल्यात घट्ट धरला.

"महाराज," कुमुदिनी म्हणाली, "मी निर्दोष ठरले. हात दाखवलाच पाहिजे असे नाही. तो तुमचा प्रश्न."

राजाने एकदा वकिलाकडे पाहिले. मग त्याने शेला बाजूला केला. "प्रजाजनहो, माझा हात कापतो. ते बाजारात विकले गेले. आता मी स्वतः सांगतो आहे."

दोनदा त्याचा अंगठा पत्रावरच्या ठशावरून घसरला. कुमुदिनीला वाटले धावत जाऊन हात धरावा. तिने स्वतःला आवरले. तिसऱ्यांदा अंगठा बसला.

"नाही," राजा म्हणाला.

हळदीचा ठसा पुसला गेला आणि झग्यावरचा एक डोळा मिटला. मग सेनापती उठला. त्याच्यामागे दासी, सुतार, कोष्टी. रांग वेशीबाहेर गेली आणि अकरा दिवस चालली. शेजारचा वकील पहिल्या तीन दिवसांतच परतला आणि आपल्या राजाला म्हणाला, "तिथे चढाई करू नये. ते लोक नाही म्हणायला शिकले आहेत."

अखेर सर्वाक्षाला चारचौघांसारखे दोनच डोळे उरले. ते खाली घालून तो निघून गेला. झरोके राहिले आणि त्यांतून जगही दिसत राहिले, पण आता त्यांना आतून कडी होती आणि ती ज्याच्या त्याच्या हातात होती.

राजाने भर दरबारात कुमुदिनीला हात जोडले. "मी तुझ्यावर संशय घेतला. चूक माझी."

"बसा, महाराज. नाडी दाखवा."

"बरा होईन?"

"कंप पुरता जाणार नाही. पुष्कळ कमी होईल."

"हे कोणाला सांगितलेस तरी चालेल," राजा म्हणाला.

"ते तुम्ही सांगा," कुमुदिनी म्हणाली आणि मुळ्या उगाळू लागली.

भद्रबाहूला जसा धीर आला, तसा ही कथा ऐकणाऱ्यालाही येवो.