करवंटीतलं आगळ

टण्ण! विळी आडवी पडली आणि इतका वेळ गप्प असलेलं मठाचं स्वयंपाकघर दचकलं.

समुद्राकाठच्या वेळणखोल गावी श्री सागरनाथ महाराजांचं वास्तव्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. मठात भंडारा होता आणि भाजी ठरली होती सुरणाची. स्वयंपाकावर भागीरथीकाकू, सोवळ्याच्या फार कडक. माती लागलेलं काही मठाच्या चुलीपाशी यायचं नाही, म्हणून त्यांनी सगळे गड्डे आधी विहिरीवर धुवून घेतले आणि बायका ओल्या हातांनीच चिरायला बसल्या.

विळी कलंडली ती काकूंचीच. हातांची नुसती आग होत होती! पाठोपाठ एकेक बाई हात खाजवत उठली. कोपरापर्यंत लाल चट्टे. काकूंची छोटी नात मंदी भेदरून आजीच्या पदराला बिलगली. मान वर केली नाही ती एका सगुणेनं. ती आपली फोडी करतच होती.

सगुणा खाडीपलीकडून इथे दिलेली. तिची आई झाडपाल्याची औषधं द्यायची. गावाच्या संशयाला एवढं पुरे होतं.

काकू तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या. "काय गं, तुला बरी खाज येत नाही?"

"येते ना, काकू."

"ओरडत तर नाहीस! विळ्यांना खाजकुइली कोणी चोळली, सांग. सकाळी सगळ्यांच्या आधी तूच आली होतीस."

"सारवायला आले होते हो."

"सारवायला म्हणे! आईनं बरं शिकवून धाडलंय. आणि वर महाराजांची भक्त! ऊठ. पुन्हा या मठाची पायरी चढायची नाही."

सगुणेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आई गेल्यापासून त्या पोरीला मन मोकळं करायला या मठाखेरीज जागा नव्हती. पदराखाली हात घेऊन ती उठली. हात लपवतेय! काकूंचा संशय आणखी बळावला.

तेवढ्यात महाराज दारात येऊन उभे राहिले. हातात नारळाची करवंटी, तिच्या तळाशी कोकमाचं जेमतेम चमचाभर आगळ.

"सगुणे, हे सगळ्यांच्या हातांना लाव," महाराज म्हणाले.

"एवढंसं?" काकू फणकारल्या. "माझ्या एका बोटाला पुरायचं नाही! आणि तेही हिच्या हातून?"

महाराज नुसते हसले. सगुणेनं त्यांचं नाव घेऊन करवंटीत बोटं बुडवली आणि आधी काकूंचेच हात धरले. निखाऱ्यावर पाणी पडावं तशी खाज निवली! मग शेजारची, तिच्यापलीकडची, ओळीनं सगळ्याजणी... काय सांगावी महाराजांची लीला! करवंटी रिती म्हणून होईना. सगळ्यांना लावून होताच सगुणेनं हात पुन्हा पदराखाली घेतले.

"भागीरथी," महाराज म्हणाले, "घरी हाताला तेल लावून सुरण कोरडाच चिरतेस ना गं? इथे सोवळ्यापायी भिजवलास, म्हणून तो चेतला. विळ्यांना कोणी काही चोळलेलं नाही. आता हिचे हात बघ."

काकूंनी पदर बाजूला केला. सगुणेचे तळवे सुजून टम्म झाले होते.

"भंडारा अडेल म्हणून बोलले नाही," ती पुटपुटली.

"चुकले, महाराज!" म्हणत काकूंनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग वळून सगुणेपुढेही वाकल्या.

"अहो काकू, हे काय करताय!" सगुणा मागे सरली. पण काकूंनी तिला धरून बसवलं आणि स्वतः तिच्या तळव्यांना आगळ लावू लागल्या.

मंदी हळूच वाकून बघत होती.

"आजी, हिचे हात तर सगळ्यांत जास्त सुजलेत. मग हिनं आधी तुलाच का लावलं?"